मुंगी न लागलेला डबा

देवाने माणसांना कुतूहल वाटून दिलं, तेव्हा डहाणू तालुक्याच्या वाट्याचं सगळं माप त्याने एकट्या माझ्या थोरल्या साडूंच्या ओंजळीत ओतलं आणि आम्हा बाकीच्यांच्या हातावर ‘चालायचंच’ एवढा एक शब्द ठेवून वाटेला लावलं, असं माझं पक्कं मत आहे. आमच्याकडे गाडी उशिरा आली तर चालायचंच, वीज गेली तर चालायचंच, जावई कमी बोलणारा निघाला तरी चालायचंच. साडूंचं मात्र काहीच चालत नाही. त्यांना कारण लागतं. झाईला एका लग्नात त्यांनी जिलबी वाढणाऱ्याला पंगतीतच थांबवून विचारलं होतं, की जिलबीचे वेढे नेमके किती घालायचे हे ठरवतं कोण, आणि एखादा जास्त पडला तर ती वेगळी काढतात का. वाढप्या बिचारा हातात परात घेऊन विचार करत उभा राहिला आणि आमच्या पुढची अख्खी रांग जिलबीवाचून ताकावर आली. माझं डहाणूत स्टेशनाजवळ चष्म्याचं दुकान आहे. तिथे ते पहिल्यांदा डोळे तपासायला आले, त्या दिवशी मी त्यांना भिंतीवरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचायला सांगितली. अक्षरं राहिली बाजूलाच. “सगळ्यात मोठं अक्षर सगळ्यात वर कशाला, साडू? ते तर कोणालाही दिसतं. त्याला मानाचं पान कशाला?” असं त्यांनी विचारलं. इतकी वर्षं मी तो तक्ता रोज बघत होतो, पण मला काही हा प्रश्न पडला नव्हता. उत्तर मला आजही देता येत नाही, आणि भेट झाली की ते आजही विचारतात.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. नरपडला समुद्राच्या बाजूला त्यांची चिकूची वाडी आहे, घर वाडीतच. चिकू हा साडूंचा वेद. झाडावरच्या फळावर नखाने बारीकसा ओरखडा काढायचा, आत हिरवं दिसलं तर फळ राहू द्यायचं, पिवळट दिसलं तर उतरवायचं, ही त्या भागातली जुनी रीत. साडूंच्या उजव्या अंगठ्याचं नख त्यासाठी मुद्दाम वाढवलेलं असतं आणि ते कुठेही चालतं. आमच्या घरी नवीन सोफा आला, तेव्हा त्याच्या पायावरही चाललं होतं. “आत लाकूड नाय, भुसा आहे,” असा निकाल त्यांनी बसायच्या आधीच दिला. पहाटे उठून हा माणूस वाडीत जायचा. बरोबर किटलीत चहा आणि फडक्यात रात्रीची नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकर. ती एखाद्या झाडाखाली उभ्या उभ्या खायची, मग फळ उतरवून घ्यायचं, निवडायचं, क्रेट भरायचे, आणि ऊन चढल्यावर घरात यायचं ते थेट जेवायलाच. लग्न झाल्यापासून हा नेम चुकलेला नव्हता. ताई, म्हणजे माझी मेव्हणी, सकाळी घरात एकट्या. त्या काय खायच्या, केव्हा खायच्या, हे मला तरी कधी कळलं नाही. विचारणारा माणूस घरात एकच, आणि तो त्या वेळी वाडीत.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी ताईंना ताप आला. ताप म्हणजे साधासुधा नव्हे, अंथरुणाला खिळवणारा. तो उतरला, पण जाताना अन्नावरची वासना घेऊन गेला. दुपारी चार घास, रात्री दोन, आणि सकाळी काहीच नाही. सकाळच्या गोळ्या उपाशीपोटी घेतल्या की उमळून यायचं, म्हणून त्या गोळ्याही चुकवू लागल्या. अंगावरची चोळी सैल झाली, बांगड्या कोपरापर्यंत वर जाऊ लागल्या. डहाणूच्या डॉक्टरांनी साडूंना बाजूला घेऊन स्वच्छ सांगितलं, “सकाळची न्याहारी पोटात गेलीच पाहिजे. वजन आणखी उतरलं तर मी घरी ठेवू देणार नाही. वलसाडच्या इस्पितळात हलवावं लागेल.” आणि मग, दार उघडता उघडता, त्यांनी ते वाक्य टाकलं ज्याने पुढचं सगळं रामायण घडलं. “ओट्स द्या, सिरियल द्या. काहीतरी हेल्दी बघून घ्या.”

आता ‘बघून घ्या’ हे आपण एकमेकांना उगाच म्हणतो. साडूंना ते म्हणायचं नसतं.

त्याच दिवशी ते मला दुकानातून उचलून बाजारात घेऊन गेले. तिथल्या मोठ्या दुकानात एक पूर्ण भिंत डब्यांचीच होती. मक्याच्या पोह्यांचे डबे, ओट्स, म्यूस्ली, नागलीचे पोहे, चॉकलेटचे गोळे, मधात घोळलेल्या चकल्या. साडू त्या भिंतीपुढे थांबले आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ते मी त्यांच्या मुलीच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. शेठ पुढे आला, “काका, आ लो ने, एकदम हेल्दी छे. बहु चाले छे.” साडू म्हणाले, “चालतंय ते मला दिसतंय. का चालतंय ते सांगा.” शेठ गल्ल्यावर परत गेला तो पुन्हा आला नाही. साडूंनी डबा उलटा केला. मागची अक्षरं मुंगीच्या पायाएवढी. मला माझ्या दुकानात पिटाळून त्यांनी भिंग आणवलं आणि मग मांडी घालून, होय, त्या गुळगुळीत फरशीवर चक्क मांडी घालून, वाचन सुरू केलं. थोड्याच वेळात त्यांना मर्म सापडलं. डब्यात जे सगळ्यात जास्त ते यादीत पहिलं, मग त्याहून कमी ते दुसरं. “म्हणजे पंगत आहे, साडू. पहिल्या पानावर कोण बसलंय ते बघायचं. हा बघा, पुढे ‘धान्याची ताकद’ लिहिलंय, आणि दुसऱ्या पानावर साखर. इथे बघा, साखर पुन्हा बसलीय, नाव सिरप. आणि खाली माल्ट. एकच पाव्हणा टोपी बदलून तीनदा जेवतोय!” दुकानात आलेल्या चार बायका भोवती गोळा झाल्या आणि आपापल्या टोपलीतले डबे त्यांच्यापुढे धरू लागल्या. साडूंनी तिथल्या तिथे सगळ्यांचे निकाल लावले. शेठने त्या दिवशी आमचा हिशेब फार लवकर केला, एवढं मला आठवतं.

घरी आल्यावर ताईंनी पडवीत मांडलेली डब्यांची रांग पाहिली आणि त्या एवढंच म्हणाल्या, “दुकान घातलंय की काय?” साडूंना थट्टा ऐकू येत नव्हती. त्यांना चिकू पारखायची जेवढी रीत माहीत होती तेवढी त्यांनी डब्यांवर चालवली. नखाचा ओरखडा झाला. मक्याच्या पोह्याचा चुरा झाला, पण “आतबाहेर सारखा आहे, लबाड नाय” एवढं प्रमाणपत्र त्याला मिळालं. पाण्यात टाकून झालं. कोणता बुडतो, कोणता तरंगतो, कोणाचा रंग सुटतो. डब्यावर ‘एका वेळचं प्रमाण’ लिहिलेलं होतं, ते त्यांनी तोलून पाहिलं आणि तळहातावर घेऊन बराच वेळ बघत राहिले. “हे माणसाचं आहे का बुलबुलाचं?”

एका डब्यावर वाडगाभर पोहे आणि वर लालबुंद स्ट्रॉबेऱ्या, असं चित्र होतं. आत स्ट्रॉबेरी सापडेना. साडू म्हणाले, तळाला गेली असेल, जड असते. त्यांनी अख्खा डबा सुपात ओतला आणि जन्मभर तांदूळ ज्या सफाईने पाखडले जाताना पाहिले त्याच सफाईने पाखडायला ओटीवर उभे राहिले. नरपडचा वारा त्यांना ठाऊक नाही असं नाही. पण शोधात असलेल्या माणसाला वारा लागत नाही. पहिल्याच झटक्याला ते मक्याचे पोहे सोनेरी टोळधाडीसारखे उठले आणि वाडीभर झाले. पुढे दोन दिवस साळुंक्या आमच्या साडूंच्या वाडीतून हलल्या नाहीत. सुपात उरली ती थोडी पूड. स्ट्रॉबेरी नव्हतीच. मग त्यांनी डब्यावरच्या ग्राहकसेवेच्या नंबरावर फोन लावला. पलीकडे एक गोड आवाजाची मुलगी होती. तिने सांगितलं, सर, ते चित्र केवळ सुचवण्यासाठी असतं. “काय सुचवतं?” साडूंनी विचारलं. त्यांच्या आवाजात राग मुळीच नव्हता, खरं कुतूहल होतं. तिला ते कळलं असावं, कारण ती हसली. फोन संपला तेव्हा ती मूळची कुठली, सकाळी ती स्वतः काय खाते, (चहा आणि खारी), एवढं सगळं साडूंना कळलेलं होतं आणि तिला सहकुटुंब चिकू खायला यायचं आमंत्रण गेलेलं होतं.

आणि खरी परीक्षा रोज सकाळी असे. स्वयंपाकघरात एक बसकं टेबल आहे, त्यावर एरवी पिठाचे डबे असतात. ते हलवून साडूंनी दोन पाट मांडले. दोन वाट्या, कोमट दूध, समोर डबा. एक वाटी ताईंना, एक स्वतःला. कारण, “एकाच्या जिभेवर निकाल देता येत नाय, पंच दोन पाहिजेत.” फळ उतरवण्याचं काम त्यांनी तात्पुरतं दुसऱ्यावर सोपवलं. मी एक-दोनदा गेलो तेव्हा पाहिलं. साडू डब्याच्या मागचं वाचून दाखवायचे, मग वाचतानाच दुसरीकडे निघून जायचे. ओट्स कुठे पिकतात, तिथे पाऊस कसा असेल, तिथल्या बायका त्याची भाकर थापत असतील का. ताई ऐकायच्या. चमचा आपला वाटी-तोंड, वाटी-तोंड चालू. “कसं लागतं?” असं विचारलं की म्हणायच्या, “अजून नीट कळत नाय. थोडं आणखी वाढा.”

वाडीच्या शेडमध्ये क्रेट तोलायचा जुना लोखंडी काटा आहे. आठवड्याला एकदा साडू ताईंना त्यावर उभं करायचे. “चिकू झाले माझे,” असं पुटपुटत त्या पदर सावरून चढायच्या. दांडीवरचं वजन साडू बोटाने सरकवायचे, श्वास धरून, आणि खरंच, दर खेपेला ते थोडं पुढे सरकत होतं. दोन-चार आठवड्यांनी त्यांनी नागली घातलेले साधे, बिनसाखरेचे पोहे विजयी घोषित केले. मला पेढे दिले. म्हणाले, “शोध संपला, साडू. आता तिला आपला हा डबा, आणि मला आपली वाडी.” दुसऱ्या दिवसापासून ते पहाटे किटली घेऊन चिकूत.

पुढच्या तोलाला दांडी मागे आली. त्याच्या पुढच्याला आणखी मागे. ताईंनी न्याहारी सोडली होती. डबा तोच, दूध तेच. वाटी करून ठेवलेली ऊन चढेस्तोवर तशीच, पोह्यांचा लगदा झालेला. “नको वाटतं,” म्हणायच्या.

इथून मलाही छंद लागला. का व्हावं असं? साडूंनी पहिला सिद्धांत मांडला की डबा उघडल्यावर काही दिवसांनी त्यातला गुण जातो. मग घट्ट झाकणाची बरणी आली. फरक नाही. दुसरा सिद्धांत, नागली उष्ण पडली. म्हणून पुन्हा बाजारात फेरी, पुन्हा पंगत वाचणं, पुन्हा दोन पाट. आणि गंमत बघा, शोध सुरू झाला की ताई खाऊ लागल्या! बेचव ओट्सच्या दोन-दोन वाट्या. काटा पुढे. साडूंनी ओट्सना विजयी केलं, वाडीत गेले, आणि काटा परत मागे. मी दुकानात बसून काचा पुसता पुसता विचार करायचो. असं कुठलं धान्य असेल, जे पारखत असेपर्यंत अंगी लागतं आणि पसंत केलं की बाधतं? बायकोला विचारलं तर ती म्हणाली, “तुम्हाला दोघांना कामं नाहीत.”

एक दिवस साडू दुकानात आले आणि समोरच्या स्टुलावर नुसते बसले. भिंतीवरच्या तक्त्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. त्यांना प्रश्न पडलेला नाही असं मी प्रथमच पाहत होतो आणि मला भीती वाटली. ते म्हणाले, “डॉक्टर म्हणतो, आता एकच खेप वाट बघू. काटा उतरला तर वलसाड.” मग अंगठ्याचं नख दुसऱ्या हाताने चोळत बसले. “मला फळ कळतं हो, साडू. झाडावर चढायच्या आधी कळतं. आणि घरातलं माणूस कशाने खाईल ते कळत नाय.” मी चहा मागवला. तो त्यांनी घेतला, आणि चहाच्या तळाशी आल्यावर, देवाची कृपा, त्यांच्या डोळ्यांत जुनी चमक आली. “गोडाने भूक मरते. बरोबर ने? म्हणजे ह्या सगळ्यांत साखर लपलेली आहे. यादीत नसली तरी कुठेतरी आहे. छापणाऱ्याला फसवता येतं, आपल्याला फसवता येतं. पण मुंगीला फसवणारा अजून जन्माला यायचाय! ज्याला मुंगी लागणार नाय, तो आपला डबा.”

ठरलेल्या दिवशी सकाळी मी भिंग घेऊन नरपडला गेलो. पडवीत केळीच्या पानाचे तुकडे ओळीने मांडलेले, प्रत्येकावर एकेका डब्यातलं मूठभर. मी वाकून बघू लागलो तर साडूंनी मला दंडाला धरून उठवलं. “बघत बसलो तर त्या बिचकतील. त्यांना एकांत द्यायला पाहिजे.” मग आम्ही मुंग्यांना एकांत देण्यासाठी वाडीत एक लांब चक्कर मारून आलो. ताई तेवढ्यात पडवी झाडून गेल्या असाव्यात, कारण परत आलो तेव्हा केरसुणी खांबाला टेकलेली होती. आणि सगळ्या पानांवर मुंग्याच मुंग्या. चॉकलेटच्या गोळ्यांवर होत्या त्यात नवल नाही, पण ओट्सवरही तेवढ्याच. नागलीवर तर जत्राच. साडू मटकन खाली बसले. “एकही नाय. एकही पास नाय.”

ते आत पाणी प्यायला गेले आणि मी भिंग लावलं. कुतूहल हे नायट्यासारखं आहे, सहवासाने लागतं. ओट्सच्या ढिगात मला तपकिरी कण दिसले. ओट्स कधी तपकिरी नसतात. एक कण, मुंगीला बाजूला सारून, मी जिभेवर ठेवला. गूळ होता. दुसऱ्या पानावर गूळ. तिसऱ्यावर गूळ. इतक्या निःपक्षपातीपणे सगळ्यांना सारखा वाढलेला, की पंगतीत वाढणाऱ्याने शिकावं.

मी स्वयंपाकघरात गेलो. साडू पाणी पिऊन मागच्या दाराने वाडीकडे गेलेले होते. ताई चुलीशेजारी होत्या आणि गुळाच्या डब्याचं झाकण अजून उघडंच होतं. मी त्याच्याकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे. मग त्या हसल्या. आजारपणानंतर त्यांचा चेहरा इतका लहान झाला होता की ते हसू त्यात मावत नव्हतं.

“भाऊजी, यांना सांगू नका हां.”

“पण ताई, कशासाठी?”

त्यांनी झाकण लावलं, डबा फळीवर ठेवला, हात पदराला पुसले. “लग्न होऊन आले तशी सकाळी मी एकटीच. हे पहाटे वाडीत. मी आपली उभ्याने काहीतरी तोंडात टाकायची. तक्रार नाय हो, चिकू काय झाडावर थांबणारेत का? आता तापात पडले, तर हे समोर पाट मांडून बसायला लागले. काय काय सांगतात! कुठल्या कुठल्या देशातला पाऊस सांगतात. वाटीत काय असतं, भाऊजी, मी बघत पण नाय. हे बोलतात, मी खाते. खाल्लेलं कळत नाय.” मग म्हणाल्या, “आणि डबा मिळाला की उठून जातात. एकटीच्या समोर ती वाटी आली की घास फिरतो तोंडात.”

“मग सांगा ना त्यांना, बसा म्हणून.”

“असं कसं सांगणार?” त्या खरोखरच चकित होऊन म्हणाल्या. “कामाच्या माणसाला नुसतं बसा म्हणायचं?”

मला सांगू नका म्हटलेली गोष्ट मी सहसा सांगत नाही. पण वलसाडची खेप समोर होती. मी वाडीत गेलो. साडू एका झाडाखाली उभे होते, हातात एक चिकू, त्यावर ओरखडा, पण बघत होते भलतीकडेच. मी सगळं सांगितलं. गूळ, मुंग्या, दोन पाट, सगळं. ते ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, “म्हणजे दोष डब्यात नव्हता.”

“नव्हता.”

“शिळी भाकर असती तरी चाललं असतं?”

“असं दिसतंय.”

त्यांनी हातातला चिकू फिरवून बघितला. डोळे भरून आलेले होते, आणि ते त्यांनी लपवलेही नाहीत. मला वाटलं, आता हा माणूस घरात धावत जाईल. पण ते हळू आवाजात, अवघड हिशेब विचारावा तसं म्हणाले, “पण साडू, नुसतं बसायचं कसं हो? डबा असला की विषय असतो. मागे काय लिहिलंय ते वाचतो, मग सुचत जातं. डब्याशिवाय तिच्यासमोर बसलो, तर बोलू काय? मला एक चिकूचं बोलता येतं, नाहीतर प्रश्न विचारता येतात. आणि तिला काय विचारायचं ते…” त्यांनी चिकू क्रेटमध्ये ठेवला. “इतक्या वर्षांनी एकदम कसं विचारायचं?”

मी क्रेट उचलून सावलीत सरकवला.

“तिला कळू देऊ नका, मला कळलंय म्हणून,” ते घराकडे वळताना म्हणाले. “नायतर म्हणेल, माझ्यासाठी बसू नका, जा वाडीत. मी ओळखतो तिला.”

“आणि चिकू? तुम्ही नसताना?”

“एवढा उशीर झाला तर फळाचं काय बिघडतं?” हे म्हणताना ते चालता चालता थांबले, आणि मला एकदम हायसं वाटलं, कारण आवाज ओळखीचा होता. “खरंच, काय बिघडतं? मी कधी बघितलेलंच नाय. बघू ने आता.”

ती खेप टळली. डॉक्टरांनी वलसाडचं नाव नंतर काढलेलं नाही. काटा फार पुढे गेला असं मी म्हणणार नाही. ताईंचं वय आहे, आणि त्या तापाने नेलं ते सगळं परत येणार नाही हे आम्हा सगळ्यांना कळतं. दांडीवरचं वजन थोडं पुढे, थोडं मागे असं हलत असतं आणि साडू ते बोटाने सरकवताना अजूनही श्वास धरतात. परवा मी सकाळीच गेलो होतो. दोन पाट, समोर नवा कोरा डबा, जवाच्या पोह्यांचा. साडू भिंग लावून पंगत वाचत होते. “पहिल्या पानावर जव. बरं. दुसऱ्यावर गहू. हा गहू इथे काय करतो?” डबा अजून फोडलेलाच नव्हता. ताईंच्या ताटलीत नागलीची भाकर होती, वर लसणाची चटणी आणि तेल. त्या एकेक तुकडा मोडून खात होत्या, आणि साडूंना त्याचं काही आश्चर्य वाटत असल्याचं दिसलं नाही. वाचून झाल्यावर त्यांनी भिंग खाली ठेवलं. “मग? तुझं काय मत?”

ताईंनी डब्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. “अजून नीट कळत नाय. आणखी एखादा आणून बघा.”

“बघतो,” साडू म्हणाले.

एरवी ह्या रंगीत डब्यांना नावं ठेवणारा मी. पण हल्ली बाजारातून जाताना त्या भिंतीपुढे माझे पाय थांबतात. नवा डबा आलेला दिसला की मी घेतो आणि दुकानातल्या कपाटात, चष्म्यांच्या पेट्यांमागे, ठेवून देतो. तालुक्याच्या गावी असे नवे डबे येऊन येऊन किती येणार? त्या दोघांना पुरले पाहिजेत.